मुक्या पोरीचा दाखला

आत्याच्या घरात सकाळ व्हायची ती बाटल्यांच्या आवाजानं. मंगळवार पेठेतल्या एका बोळात दोन खोल्यांचं घर, आणि पुढच्या खोलीत आत्याच्या नवऱ्याचा, म्हणजे बाबूमामांचा, गोटी सोड्याचा कारखाना. कारखाना हा त्यांचाच शब्द. खरं तर तिथं हातानं फिरवायचं एक लोखंडी मशिन, भिंतीला साखळीनं बांधलेला गॅसचा सिलिंडर, पाण्याची पिपं आणि लाकडी खोक्यांत उभ्या केलेल्या हिरवट काचेच्या बाटल्या, एवढंच होतं. आत्या उजाडताना बाटल्या धुवायला बसायची. ब्रश आत घालून फिरवला की बाटलीच्या गळ्यातली गोटी खळखळायची, आणि त्या खळखळीवर आत्याचं बोलणं चालू असायचं, शेजारणीशी, मामांशी, कोणी नसलं तर बाटल्यांशी. घराला कायम आल्याचा आणि जिऱ्याचा वास. आजही कुठं आल्याच्या लेमन-सोड्याची बाटली उघडली की मी मनानं त्या ओल्या फरशीवर जाऊन उभी राहते.

मी त्या घरात आले तेव्हा आठ वर्षांची होते आणि बोलत नव्हते. त्याआधी पुष्कळ बोलायचे म्हणे. माझे वडील कागलजवळच्या आमच्या गावात एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचे, आणि मला ट्रॅक्टरवर बसायचं भारी वेड. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी मडगार्डवर बसले होते. उसानं भरलेली ट्रॉली घेऊन कालव्याचा चढ चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली, काहीतरी तुटल्याचा बंदुकीसारखा आवाज झाला, आणि ट्रॅक्टर उलटला. मी फेकली गेले ती पाल्याच्या ढिगावर. हातापायांना नुसतं खरचटलं. वडील खाली सापडले. इंजिन चालूच होतं. माणसं येईपर्यंत मी तिथं बसून होते. त्याबद्दल याहून जास्त मला इथं लिहायचं नाही. त्यानंतर माझ्या तोंडातून शब्द आला नाही. गावात कुणी म्हणालं, पोरीला बाहेरचं झालंय, कुणी म्हणालं, जीभ टाळूला चिकटली. माझी आई तेव्हा पंचविशीचीही नसेल. ती दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायला लागली, आणि वडिलांची बहीण मला कोल्हापुरात घेऊन आली.

आता विचार करते तेव्हा वाटतं, घाबरलेल्या मुलाला ठेवायला त्या घरासारखं वाईट घर शोधून सापडलं नसतं. कारण सोड्याच्या बाटल्या फुटतात. मशिनमध्ये बाटल्या आडव्या घालायच्या, गॅस सोडायचा आणि मशिन फिरवायचं. गॅसच्या जोरानं गोटी गळ्यात घट्ट बसते, पण एखादी बाटली जुनी असली, काचेला केसासारखा बारीक तडा गेलेला असला, की ती आतल्या आत फुटते, आणि बोळाच्या तोंडापर्यंत आवाज जातो. मी आले त्याच दिवशी एक बाटली फुटली. मी कॉटखाली गेले ती संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाही. आत्यानं ओढून काढलं नाही. ती फरशीवर माझ्याकडं तोंड करून आडवी झाली आणि हुलग्याच्या माडग्याची वाटी हळूच आत सरकवली. म्हणाली, "तितंच खा. काय बिघडत न्हाय." माडगं गरम होतं, वर तुपाचा थेंब होता. मी ते कॉटखाली बसून प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी एक नवीन रीत सुरू केली. सिलिंडरची चावी फिरवायच्या आधी ते मान वळवून मोठ्यानं ओरडायचे, "गॅस सोडतोय गं!" मग थोडं थांबायचे. मी जिथं असेन तिथून मागच्या दारात जायची, दोन्ही कानांवर हात ठेवायची आणि त्यांच्याकडं बघून मान हलवायची. मगच चावी फिरायची. दिवसातून कितीतरी वेळा हे व्हायचं. गिऱ्हाईक खोळंबायचं, शेजारीपाजारी हसायचे. एकदा कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "बाबूराव, पोरीसाठी भोंगा लावा की मिलचा!" मामा म्हणाले, "भोंग्याला माझ्यासारखा गळा हाय का?" बाटल्या तशाच फुटत राहिल्या. पण आवाज येणार हे मला आधी कळायला लागलं, आणि आवाज येऊन गेला तरी घर जागच्या जागी राहतं हेही हळूहळू कळायला लागलं. पुढं मोठेपणी मी धक्का बसलेल्या मुलांवरची जाडजूड पुस्तकं वाचली, शिबिरं केली. तिथं सांगितलेल्या पुष्कळ गोष्टींशी मामांची आरोळी जुळायची. मामांनी काही वाचलं नव्हतं. त्यांना फक्त मी कॉटखाली जाऊ नये असं वाटत होतं.

आई दर रविवारी एसटीनं यायची. पिशवीत मेथी नाहीतर शेंगा, कधी कणसं. माझी वेणी घालायची, ती इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. मग आत्याबरोबर भाकरी खायची आणि दुपारच्या गाडीनं परत. त्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोलायची नाही. मी तर बोलतच नव्हते.

आत्यानं मला पेठेतल्या शाळेत तिसरीत घातलं. वर्गाच्या बाई होत्या हिरेमठबाई. त्यांचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरात कानडी. वर्गातल्या प्रत्येक मुलीला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. हजेरी घेताना माझं नाव आलं की त्या माझ्याकडं बघायच्या, मी मान हलवायची आणि त्या पुढं जायच्या. मुलं "मुकी, मुकी" करायची, पण ते माझ्या फारसं आत जात नव्हतं. असेच काही महिने गेले. मग एका दुपारी मधल्या सुट्टीनंतर मागच्या बाकावरच्या कुणीतरी कागदी पिशवीत हवा भरून ती फोडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. मी बाकाखाली होते. कुणाचा तरी हात आला आणि मी तो चावला, जोरात, रक्त येईपर्यंत. तो हात हिरेमठबाईंचा होता. माझा परकर ओला झाला होता आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. थोड्या वेळानं मी हेडमास्तरांच्या खोलीत कोपऱ्यात बसले होते आणि आत्या आली. तशीच हातातलं काम टाकून आली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हाताला साबणाचा फेस.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या शाळेत मुलं फार आणि मास्तर थोडे होते. ते म्हणाले, "हे बघा बाई, मुलगी मुकी आहे. आता अंगावर पण जायला लागली. अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात. मी शाळा सोडल्याचा दाखला लिहून देतो, तुम्ही तिकडं चौकशी करा."

"मुकी न्हाय ती," आत्या म्हणाली. "बोलत न्हाय. त्यात फरक हाय की."

"काय फरक आहे?"

आत्यानं पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. "तिच्यासमोर माझा भाऊ गेला, सर. आता तिला शाळेनंबी घालवून दिलं तर ती जाणार कुठं? माझ्या घरात कॉटखाली? मी काय करू सांगा, मी हितं येऊन बसतो. रोज बसतो दारात. ती कुणाला चावली तर मला चावू दे."

आमच्याकडं बायकाही 'मी बसतो, मी जातो' असंच म्हणतात. आत्याचं ते 'मी बसतो' अजून माझ्या कानात आहे.

हेडमास्तरांनी टाक उचलला होता. तेवढ्यात हिरेमठबाई आत आल्या. हाताला रुमाल गुंडाळलेला, त्याला हळद लागलेली. म्हणाल्या, "सर, चावली ती मला. तक्रार कुणाची आहे?"

"बाई, प्रश्न तक्रारीचा नाही."

"मग दाखला कशासाठी? हात माझा आहे, माझी काही तक्रार नाही. आणि चूक माझी झाली. घाबरलेल्या पोरीला मी मागून धरलं. मांजरीलासुद्धा आपण असं धरत नाही." मग त्या खाली बसल्या, माझ्यापासून जरा लांबच, आणि म्हणाल्या, "तंगी, उद्या येशील ना? दाराजवळचा बाक तुझा. भ्यायलीस तर सरळ बाहेर जाऊन उभी राहा. मला विचारायची गरज नाही."

हेडमास्तरांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "परीक्षेपर्यंत बघू." एवढंच. पण त्यांनी ते मनापासून बघितलं असावं. कारण त्यानंतर ते आमच्या वर्गाकडं यायचे तेव्हा व्हरांड्यातूनच मोठ्यानं खोकत यायचे. मुलं त्यांची नक्कल करायची. मला मात्र तो खोकला माझ्यासाठी आहे हे माहीत होतं.

त्या वर्षी मी दाराजवळच्या बाकावर बसून तिसरी पास झाले. उत्तरं पाटीवर लिहायची. कधीकधी बाहेर जाऊन उभी राहायची. बाई शिकवत राहायच्या, पण आवाज थोडा वाढवायच्या, म्हणजे बाहेर उभं राहूनही मला ऐकू यावं.

बोलले ते शाळेत नव्हे, सोड्याच्या मशिनपुढं. मामांना कुस्तीचा नाद. मैदानातून आले की दोन-दोन दिवस त्यांचा घसा बसलेला असायचा. त्याच उन्हाळ्यात असाच घसा इतका बसला की नुसती हवा यायची. उन्हामुळं सोड्याला मागणी जोरात, कोपऱ्यावरचा चहावाला स्वतः बाटल्या न्यायला आलेला. मामांनी बाटल्या मशिनमध्ये घातल्या, सिलिंडरच्या चावीवर हात ठेवला, मान वळवली आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी आतल्या खोलीत शेंगा सोलत होते, माझी पाठ त्यांच्याकडं होती. चहावाला म्हणाला, "सोडा की गॅस, बाबूराव. गिऱ्हाईक बसलंय तिकडं माझं." मी वळून बघितलं. मामा चावीवर हात ठेवून उभे होते आणि माझ्याकडं बघत होते. चहावाला पुन्हा काहीतरी बोलला. मामांनी त्याला हातानंच थांबवलं. हा माणूस मला कळल्याशिवाय चावी फिरवणार नाही, संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. त्यांचा घसा दुखत होता, आणि ते माझ्यासाठी पुन्हा पुन्हा तोंड उघडत होते.

"गॅस सोडतोय गं!" मी ओरडले.

आवाज घोगरा होता, माझा वाटलाच नाही. मामांनी चावी फिरवली आणि मशिन फिरवायला लागले. बाटली एकही फुटली नाही. ते फिरवतच राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ, तोंड भिंतीकडं करून. त्या दिवशीचा सोडा एवढा कडक झाला होता की चहावाल्याची गिऱ्हाइकं ठसकली म्हणे.

आत्या बोळातल्या नळावरून घागर घेऊन पळत आली. "कोण वरडलं?" मामांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आत्यानं घागर खाली ठेवली. तिच्या गालावर पाणी होतं, नळाचं की कसलं मला माहीत नाही. म्हणाली, "भूक लागली असंल. वाढू?" मी म्हटलं, "वाढ." तिनं भाकरी केली, वर शेंगदाण्याची चटणी, त्यावर तेल. मला कुणीही 'पुन्हा बोल बघू' म्हणालं नाही. शेजारणींना गोळा केलं नाही, नारळ फोडला नाही. रविवारी आई आली, मी तिला "आई" म्हटलं, तेव्हा तिनं वेणी घालता घालता नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. उपकार या शब्दाचा मला जरा राग आहे, तो देणाऱ्याला उंच आणि घेणाऱ्याला बुटका करतो. पण त्या घराचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी आनंदानं मिरवते.

मी शिक्षिका झाले यात नवल नाही. नोकरीची शेवटची बरीच वर्षं चंदगडच्या डोंगरात काढली. तिथं माझ्या वर्गात एक मुलगी होती, नाव इथं देत नाही. अतिपावसात घराची भिंत पडून तिचा धाकटा भाऊ गेला, आणि ती गप्प झाली. मी तिला दाराजवळचा बाक दिला. हळूहळू ती हसायला लागली होती. मग तिचे आईबाप पोटासाठी दुसऱ्या गावी गेले. तिथल्या शाळेत ती बाकाखाली लपली, आणि तिच्या हातात दाखला आला. तिच्या आईनं मला फोन करून विचारलं, "बाई, असं काढता येतंय का हो?" मी नियम शोधले. आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही असं लिहिलेलं होतं, पण दाखल्यावर कारण 'पालकांच्या विनंतीवरून' असं होतं, आणि ज्यावर बोट ठेवून हेडमास्तरांशी त्याबद्दल भांडता येईल असा कागद मला सापडला नाही. मुलगी पुढं तिच्या मामाच्या गावी शिकली, पण दोन वर्षं गेली तिची.

निवृत्त झाल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी, रेश्मा, जी आता वकील आहे, घरी आली. तिच्यासारख्या काही जणांनी मिळून एका कायद्याचा मसुदा केला होता. लहानपणी जबर धक्का बसलेल्या मुलाला त्या कारणानं शाळेतून काढता येणार नाही, पालकांच्या नावानं दाखला लिहूनही नाही, शिक्षकांना अशी मुलं ओळखायचं आणि सांभाळायचं शिक्षण मिळेल, आणि प्रत्येक तालुक्यात अशा मुलांशी बोलणारं शिकलेलं माणूस नेमलं जाईल. एका आमदारबाईंनी तो विधानसभेत मांडायचं कबूल केलं होतं. रेश्मा म्हणाली, "बाई, आमच्याकडं कलमं आहेत. तुम्ही नुसतं बोला." ज्या बाईनं लहानपणीचं एक वर्ष तोंड उघडलं नाही तिला ती बोलायला न्यायला आली होती.

दोन वर्षं आम्ही फिरलो. आमदारांच्या दारात बसलो, पंचायत समितीत बोललो, शाळाशाळांत गेलो. शेवटी मुंबईला त्या मसुद्यावर विचार करणाऱ्या समितीपुढं बोलवलं. गार खोली, लांबच लांब टेबल, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. मी आत्याचं आणि बाईंच्या हाताचं सांगितलं. बोलता बोलता तोंडातून 'मी सांगतो' गेलं आणि दोघं-तिघं हसले, पण ते हसणं घरच्यासारखं होतं. सगळं ऐकून समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, फार छान सांगितलंत. पण तुमच्या आत्यांनी, त्या बाईंनी हे सगळं कायद्याशिवायच केलं ना? माया करायला कायदा कशाला लागतो?"

रेश्मा कागद चाळायला लागली.

मी म्हटलं, "साहेब, मायेसाठी न्हाय लागत. दाखल्यावरच्या सहीसाठी लागतो. हेडमास्तरांनी टाक उचलला होता, आणि त्याच वेळेला बाई आत आल्या. त्या वर्गातच थांबल्या असत्या तर मी आज इथं नसते. मला मिळालं ते नशिबानं. नशीब सगळ्या पोरांना सारखं वाटता येत नाही. कायदा येतो."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "ते दाखल्याचं कलम परत एकदा वाचा." माझ्या आयुष्यात ऐकलेल्या सुंदर वाक्यांत मी ते धरते.

कायदा अजून झालेला नाही. दाखल्याचं कलम समितीनं मान्य केलं. तालुक्यातल्या माणसाच्या कलमावर अजून खल चालू आहे. रेश्मा चिडते. मला चिडायला वेळ नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा मुंबईला जायचंय. आत्या आणि मामा गेले. हिरेमठबाईही गेल्या. त्यांच्या अंगठ्याजवळ माझ्या दातांचा पांढरा व्रण होता, शेवटपर्यंत. भेटायला गेले की त्याच मला तो दाखवायच्या आणि हसायच्या.

त्या समितीपुढं बोलून मुंबईहून आले ती दुसऱ्या दिवशी आईकडं गेले, गावी. ती आता ऐंशीच्या घरात आहे. समितीच्या बाहेर जमलेल्या लोकांना मी तेच पुन्हा सांगितलं तेव्हा कुणीतरी माझं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं, ते फिरत फिरत आमच्या गावात पोचलं होतं, आणि भावकीतल्या सुनेनं आईला दाखवलं होतं. मी चहा करून आणला. आई कप हातात घेऊन बसून राहिली.

"मुंबैच्या लोकास्नी समदं सांगितलंस," ती म्हणाली. "मला कवा न्हाय सांगितलंस."

"तू कधी विचारलं नाहीस, आई."

"भ्या वाटायचं." ती कपाकडं बघत होती. "मला वाटायचं, तू माझ्यावर रुसून गप बसलीस. त्या दिवशी त्यांनी दारातनं इचारलं, पोरीला नेऊ का संगं? मी म्हणालो, न्या की, तिला आवडतंय. मीच म्हणालो."

एवढी वर्षं ती दर रविवारी माझी वेणी घालायला येत होती, आणि दर रविवारी हे पोटात घेऊन येत होती. मला कधी शंकाही आली नाही. मी तिच्या हातातला कप काढून खाली ठेवला आणि तिचा हात धरला. "आई, मी तुझ्यावर कधीच रुसले नव्हते. मला फक्त बोलता येत नव्हतं."

मग मी तिला सगळं सांगितलं, जे मुंबईतही सांगितलं नव्हतं. तीही बोलली. वडील हसायचे कसे, त्या दिवशी डब्यात काय दिलं होतं, बातमी कुणी आणली, तेव्हा तिच्या हातात काय होतं. मध्येच रडली, मध्येच एका गोष्टीला इतकी हसली की तिला ठसका लागला. चहा गार होऊन गेला. मी दुसरा केला.

दुसरा चहा पिताना आईनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "त्यो तुझा कायदा नुसता बारक्या पोरांचाच हाय व्हय गं? म्हातारी माणसं बसत्यात का त्यात?"

मी म्हटलं, "बसवूया की."

"मग बसव," आई म्हणाली, आणि साखर कमी पडली म्हणून कप माझ्याकडं परत दिला.